कात्रीवाल्यांनी कॉलेजात का जावं : डिझाईन कॉलेजांतल्या खुल्या कार्यक्रमांविषयी

आमच्याकडून अस्तर, धागा, लेस आणि कापड नेणारे टेलर मास्टर, बुटीकवाल्या ताई आणि शिवणक्लास चालवणाऱ्या सगळ्यांसाठी

फॅशन आणि डिझाईनच्या कॉलेजांत वर्षभर व्याख्यानं, प्रदर्शनं, चर्चा चालू असतात. त्यांतले बरेच कार्यक्रम बाहेरच्यांनाही खुले असतात. पण येणारे बाहेरचे म्हणजे दुसऱ्या कॉलेजची मुलंमुलीच. जे रोज कात्री चालवतात, ज्यांच्या मशीनवर लगनसराईत रात्री बारापर्यंत ब्लाउज निघतात, ते तिकडे फिरकत नाहीत. विचारलं की म्हणतात, "आपलं काय काम तिथं?"

तिथं काम आहे, आणि ते आमच्या दुकानाच्याही फायद्याचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. फोनवरचा फोटो दाखवून "असं कापड द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येतं. फोटोत ऑर्गन्झा आणि टिश्यू सारखेच चमकतात. शिवायला घेतले की दोघांचा स्वभाव वेगळा. ज्यानं कापड हातात धरून बघितलंय, तो बरोबर नाव घेऊन मागतो, बरोबर मीटर सांगतो आणि भांडायला परत येत नाही. म्हणून हे पत्रक.

डिझाईन कॉलेज म्हणजे नुसता रॅम्प नव्हे

आपल्याकडे फॅशन कॉलेज म्हटलं की डोळ्यांसमोर झगमगाट येतो. पण देशात डिझाईनचं शिक्षण सुरू झालं ते अगदी साध्या वस्तूंपासून. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. देशभर फिरून त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. त्याचा आकार, वजन, कमरेवर किंवा डोक्यावर तोलला जाणं, पाणी ओततानाची धार, सगळं पिढ्यानपिढ्यांच्या वापरातून घडलंय, असं त्यांचं म्हणणं. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. कपड्यांसाठीची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मुंबईची निफ्ट १९९५ ची, ती आता खारघरला आहे.

लोट्याचा विचार ज्या शिक्षणात होतो, तिथं आपल्या वाकळीचा, परकराच्या नाडीच्या नेफ्याचा विचारही होऊ शकतो. होतोही. अडचण एवढीच, की वाकळ शिवणारी बाई त्या सभागृहात नसते.

जवळ म्हणाल तर संभाजीनगरात एमजीएम विद्यापीठात डिझाईनचे अभ्यासक्रम आहेत. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथंही वस्त्रांचा विभाग आहे. तंत्रनिकेतनांतून ड्रेस डिझायनिंगची पदविका चालते. कोणता कार्यक्रम सगळ्यांना खुला आणि कोणता फक्त विद्यार्थ्यांसाठी, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. फोन करून विचारायचं. दारावरून परत फिरण्यापेक्षा ते बरं.

कशाला जावं, काय सोडावं

रॅम्पचा पास मिळाला तर जा, मुलाबाळांना घेऊन जा, गंमत म्हणून. पण शिकायला म्हणून जात असाल तर रॅम्प सोडलात तरी चालेल. एक पोशाख समोरून जायला अर्धा मिनिटही लागत नाही. दिवे तुमच्या डोळ्यांवर, गाणं कानात, आणि शिलाई दिसायला हवी तिथं अंधार. त्याच पोशाखांचं प्रदर्शन मात्र चुकवू नका. शेवटच्या वर्षाची मुलं आपलं काम पुतळ्यांवर चढवून मांडतात आणि शेजारी उभी राहतात. तिथं परवानगी घेऊन पोशाख आतून बघता येतो. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या घेराला, दाब (शिलाईच्या आतलं जादा कापड) किती सोडलाय, अस्तर कसं बसवलंय, उरेब, म्हणजे तिरक्या, कापाची कड ताणू नये म्हणून काय केलंय, हे तिथं विचारायचं. मुलं आनंदानं सांगतात. कारण घरच्यांनी त्यांना "छान झालंय" एवढंच म्हटलेलं असतं, मुंढ्याबद्दल कुणीच विचारलेलं नसतं.

ही प्रदर्शनं बहुधा शैक्षणिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे उन्हाळ्यात असतात आणि नेमकी आपल्या लगनसराईत सापडतात. एक दुपार काढता आली तर काढा. ऑगस्टमधले कार्यक्रम आपल्याला जास्त सोयीचे. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस. १९०५ साली त्याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती, त्या आठवणीत २०१५ पासून तो पाळतात. त्या सुमारास विणकर, नैसर्गिक रंगांचे जाणकार कॉलेजांत बोलावले जातात, प्रात्यक्षिकं होतात. तेव्हा दुकानांतही गर्दी कमी असते.

ज्युरी नावाचा एक प्रकार असतो. बाहेरचे परीक्षक विद्यार्थ्याच्या कामाची उलटतपासणी घेतात. तो सहसा बंद दाराआड होतो. कधी ऐकायची संधी मिळाली तर व्याख्यानापेक्षा तीच घ्या.

आपल्याकडचंच कापड मंचावर येतं

मराठवाड्यातल्या माणसाला अशा व्याख्यानात एक वेगळाच अनुभव येतो. वक्ता पुण्या-मुंबईचा असतो आणि पडद्यावर असतं आपलं गाव. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या प्रवासटिपणांत या दोन्ही गावांची नावं आहेत. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असं त्यात नोंदलंय. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय बघितलं नसेल तर बघा. कापड काही दोन हजार वर्षं टिकत नाही, पण मातीच्या मूर्तींच्या अंगावरच्या चुण्या टिकल्यात.

पैठणी आणि हिमरू या दोन्हींबद्दल मात्र वक्ता काय म्हणतो याकडे कान देऊन ऐका, कारण ही दोन्ही कापडं तुमच्या टेबलावर येतात. हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या, धाग्यांनी, एकमेकांत अडकवत, हातानं भरलेली असते. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. मागे धागे लोंबत असतील, कापलेले असतील, तर ती यंत्रावरची. ती वाईट असं नाही, पण भाव वेगळा आणि गिऱ्हाईकाला सांगायचं वेगळं. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० मध्ये मिळालंय.

हिमरूचं उलटं आहे. सूत आणि रेशीम यांचं हे कापड, किमखाब या भारी जरीच्या रेशमी कापडाचं स्वस्तातलं भावंड. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि हे काम इथं रुजलं, असं सांगतात. हिमरूत नक्षीचा जादा बाणा मागच्या बाजूनं सुटा धावतो. म्हणून हिमरूचं जाकीट किंवा शेरवानी बिनअस्तराची शिवायची नाही; हातातलं कडं, घड्याळाचा पट्टा त्या धाग्यांत अडकलाच म्हणून समजा. हे वक्त्याच्या तोंडून फार क्वचित येतं. तुम्ही उठून सांगितलंत तर सभागृहातल्या मुलांना ते आठवडाभराच्या तासांपेक्षा उपयोगी पडेल.

बंजारा तांड्यांवरची आरसे-कवड्यांची भरतकामं, फेटिया-कांचळी म्हणजे त्यांचा घागरा-चोळी, हाही कॉलेजांचा आवडता विषय. इथं आमचं मत थोडं कडक आहे. तांड्यावरच्या बाईचं काम दाखवायचं आणि तिला बोलवायचंच नाही, असा कार्यक्रम असेल तर प्रश्नोत्तरांत तेवढं जरूर विचारा.

माप, नक्कल आणि इतर कामाचे विषय

काही विषय व्याख्यानाच्या पत्रिकेत दिसले की काम बाजूला ठेवून जावं, असे आहेत.

मापांचा पहिला. तयार कपड्यांवरचे एम, एल, एक्सएल हे आकडे बराच काळ परदेशी तक्त्यांवरून आले. भारतीय अंगाची मापं नीट घ्यावीत म्हणून निफ्टनं इंडियासाईझ नावाची पाहणी हाती घेतली. २०१८ मध्ये तिची घोषणा झाली. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना. खांद्याला बसलं तर पोटाला घट्ट, पोटाला बसलं तर खांदे ओघळलेले, ही तक्रार घेऊन रोज तयार कुर्ते दुरुस्तीला आणणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतात. या विषयावर तुमच्या वहीत जेवढा माल आहे तेवढा कुठल्याच प्राध्यापकाकडे नसेल. फक्त एक लक्षात ठेवा, तिथं अंगाचं माप आणि लूजिंग, म्हणजे सैलपणासाठी सोडलेलं जादा माप, हे वेगवेगळं धरतात. आपण दोन्ही मिळून एकच आकडा लिहितो, त्यामुळे बोलण्यात गोंधळ होतो.

दुसरा विषय नक्कलेचा. हा बुटीकवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा. डिझाईन कायदा २००० सालचा आहे. नवं डिझाईन नोंदवलं तर आधी १० वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. नोंदवता येण्यासारखं डिझाईन नोंदवलंच नाही आणि त्याचे यंत्रानं वगैरे ५० हून जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. आणि सगळ्यात मोठी मेख ही, की डिझाईन आधीच लोकांसमोर आलेलं नसावं लागतं. म्हणजे पाठीचा नवा गळा सुचला, लगेच फोटो टाकला, शंभर जणींनी हृदय दिलं, आणि मग नोंदणीला निघालात तर उशीर झालेला असतो. आधी अर्ज, मग फोटो. तपशील वकिलाकडूनच घ्या. व्याख्यानात एवढं कळतं की वकिलाला विचारायचं काय.

यातूनच एक रीत निघते. प्रदर्शनात मुलांच्या कामाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काहीच नोंदवलेलं नसतं.

एप्रिलमध्ये कामगारांविषयी कार्यक्रम होतात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभार इथं राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत तयार कपड्यांचे कारखाने होते. ११०० हून जास्त माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामावर बोलावलं होतं. तेव्हापासून जगभर त्या आठवड्यात "माझे कपडे कुणी शिवले?" हा प्रश्न विचारला जातो. शिवणारे तुम्ही असल्यानं तिथं तुमचं बोलणं ऐकून घेतलं जाईल.

कापड ओळखण्याची प्रात्यक्षिकं सोपी आणि मजेची. धागा जाळून बघतात. सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. घरी करायचं तर चिमट्यानं धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, आणि गिऱ्हाइकाच्या साडीचा धागा काढू नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन आणि सुताचा काउंट जेवढा मोठा तेवढं सूत बारीक, या दोन गोष्टी पक्क्या करून आलात की आमच्या काउंटरवरचं निम्मं बोलणं वाचतं.

जाताना

वक्ते इंग्रजी-हिंदीत बोलतात. प्रश्न मराठीत विचारा, मंचावरचं कुणीतरी सांगून देतं. प्रश्न एकच, आणि हातातल्या कामाचा. स्वतःची वीस वर्षांची कारकीर्द सांगून शेवटी प्रश्न विसरणारे प्रत्येक सभागृहात असतात. पिशवीत दोन-तीन कापडाचे तुकडे असू द्या. कार्यक्रम संपल्यावर वक्त्याभोवती घोळका होतो, तेव्हा तुकडा पुढे केला की बोलणं आपोआप सुरू होतं. तिथंच एखादा विद्यार्थीही भेटेल, ज्याला शेवटच्या वर्षाच्या पोशाखांसाठी हाताला बसलेला कारागीर हवा असतो. मजुरी आधी ठरवा आणि लिहून घ्या. मुलं गोड असतात, पण त्यांची तारीख पुढे सरकत नाही आणि बजेट मात्र सरकतं.

घरबसल्या ऐकायचं असेल तर न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. इंग्रजी कळलं नाही तरी आवाज बंद करून कपडे बघा.

आसपासच्या खुल्या कार्यक्रमांची माहिती मिळेल तशी आम्ही दुकानातल्या फळ्यावर लिहितो. जालना, बीड, परभणीकडच्या ग्राहकांनी माल न्यायच्या दिवशीच कार्यक्रम धरला तर एका फेऱ्यात दोन्ही होतं. व्याख्यानात ऐकलेल्या कापडाचं नाव लिहून आणा. आमच्याकडे असेल तर नमुन्याची पट्टी फुकट कापून देऊ, नसेल तर कुठं मिळेल ते सांगू. थानातून कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही, मोठ्या डिझाईनरनं सुचवलेलं असलं तरीही.