सीटी नॉर्मल, मग त्रास कसला? या प्रश्नामागची दीडशे वर्षं

पुण्यात टूव्हीलरवरून पडलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात सापडतंच. पावसाळ्यात सिंहगड रोडला गाडी घसरते, डोकं आपटतं, थोडा वेळ काही आठवत नाही, डोक्याचा सीटी स्कॅन होतो, नॉर्मल येतो, दुसऱ्या दिवशी घरी. साधा टाकासुद्धा नाही. आणि मग तीन-चार महिन्यांनी बघावं तर ह्या माणसाला ऑफिसातली ट्यूबलाईट सहन होत नाहीये, दोघं एकदम बोलायला लागले की डोकं गरगरतं, गॅसवर दूध ठेवून विसरतो आणि ढोलपथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की दारं-खिडक्या लावून बसतो. ओपीडीत गेलं की "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका", बी-१२ च्या गोळ्या, आणि बायकोला हळूच "घरात काही ताणतणाव आहेत का?"

राग येतोच, पण 'हे सगळं मनाचंच' हा संशय त्या एका डॉक्टरचा नाहीये, तो रेल्वेच्या जमान्यापासून चालत आलाय.

१८६६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या लोकांवर पुस्तक लिहिलं. वरून जखम दिसत नाही पण झोप उडालीये, डोकं दुखतंय, काही लक्षात राहत नाही, असे पेशंट. त्यांच्या मते पाठीच्या कण्याला हादरा बसून हे होतं, म्हणून 'रेल्वे स्पाईन' हे नाव पडलं (आपल्या पुण्यात रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, १८५८ ला आली). लोक कंपन्यांवर भरपाईचे दावे लावत होते आणि कोर्टात हे पुस्तक कामाला येत होतं. मग १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट बाजूचं पुस्तक काढलं की कण्याला काही झालेलं नाही, हा घाबरल्याचा धक्का आहे. हे पेज स्वतः लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन! आता कण्याबद्दल त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं हेही खरं, पण तेव्हापासून पेशंटला काय होतंय याच्या आधी त्याला पैसे हवेत का हा प्रश्न यायला लागला तो आजतागायत.

पहिल्या महायुद्धात तेच. १९१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' वर, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेल्या सैनिकांच्या त्रासावर लिहिलं आणि लगेच वाद, स्फोटाने मेंदू हादरला की भीतीने मन.

खरा दणका दिला हेन्री मिलर यांनी, १९६१ मध्ये. न्यूकॅसलचे मोठे न्यूरॉलॉजिस्ट, बोलण्यात पटाईत. 'अपघाती न्यूरोसिस' (अपघातानंतरचा मनाचा आजार) असं नाव देऊन त्यांनी मांडलं की भरपाईचा दावा मिटला की हे लोक बरे होतात. पुढे इतरांनी पाहिलं तर पैसे मिळूनही बऱ्याच जणांचा त्रास तसाच होता, पण मिलर यांचं म्हणणं डोक्यात बसायचं ते बसलंच. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट चार्ल्स सायमंड्स यांनी शंका काढली होती की कन्कशन (डोकं आपटून मेंदूला बसलेला हादरा) कितीही हलकं असलं तरी ते पूर्णपणे भरून येतं का, पण त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुरावा नव्हता असंही नाही. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या सबिना स्ट्रिच यांनी डोक्याला जबर मार लागून नंतर दगावलेल्यांचे मेंदू मायक्रोस्कोपखाली पाहिले तर आतले बारीक तंतू तुटलेले, आणि १९६८ मध्ये पॅथॉलॉजिस्ट ओपेनहायमर यांना हलक्या मारातही बारीक जखमा दिसल्या. पण हे कळणार माणूस गेल्यावर. जिवंत पेशंटसाठी १९७१ मध्ये सीटी आला, त्याने लाखो जीव वाचवले यात वादच नाही, रक्तस्राव झाला असेल तर तासाभरात ऑपरेशन. फक्त तो रक्त आणि फ्रॅक्चर बघायला आहे, ताणले गेलेले तंतू त्यात दिसत नाहीत. त्यात १९७४ ची ग्लासगो स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याचे मार्क, १५ पैकी १३ ते १५ मार्क मिळाले की 'माईल्ड'. हे मार्क कॅज्युअल्टीतल्या त्या वेळेचे, पुढच्या सहा महिन्यांचे नव्हेत, पण फाईलवर 'माईल्ड' एकदा पडलं की पुढचा डॉक्टर तेवढंच वाचतो.

बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं हेही सांगायला हवं, अडकतात ते थोडे, आणि मनावरचा ताण त्रास वाढवतो हे खोटं नाही. पण वाढवतो म्हणजे सगळं मनाचंच असं नाही ना! अंधाऱ्या खोलीत पडून राहा हा सल्लाही आता मागे पडलाय. खेळाडूंच्या कन्कशनवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू चालणं-फिरणं असंच आहे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याच्या माराला स्वतःचा रकाना नाही. आणि मोटार अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील आजही विचारतो तेच, सीटी नॉर्मल होता ना? तेव्हा डिस्चार्ज घेतानाच कार्डवर किती वेळ शुद्ध नव्हती, अपघाताच्या आधीचं-नंतरचं किती आठवत नाही, उलटी झाली का, हे लिहून मागा, नंतर ते कुणी लिहून देत नाही. न्यूरोकडे जाताना घरातल्या माणसाला बरोबर न्या, आणि 'चक्कर येते' एवढंच न सांगता आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही ते सांगा, म्हणजे आधी महिन्याचा हिशोब तोंडी करायचे, आता भाजीवाल्याचे सुटे मोजताना अडकतात, असं. लक्ष आणि स्मरणशक्तीच्या सविस्तर चाचण्या सायकॉलॉजिस्ट करतात, त्या आपणहून विचाराव्या लागतात.