कृपा की स्वबळ : खानदेशातल्या वादाची पार्श्वभूमी

देवाची कृपा पुरेशी आहे, हे रविवारी ख्रिस्ती मंडळीत ऐकायला मिळते. तूच तुझा तारणहार, हे धुळे-नंदुरबारकडच्या स्पर्धा परीक्षा क्लासवाले सोमवार ते शनिवार सांगतात. दोन्हीकडे तीच तरुण पोरे बसलेली असतात.

वाद तसा फार जुना. अथेन्समध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला अडवणाऱ्यांत स्तोइक पंथाचे तत्त्वज्ञ होते. मनावर ताबा असला की माणसाला बाहेरचे काही लागत नाही, हे त्यांचे म्हणणे. पुढे चर्चच्या आतच ठिणगी पडली. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निर्दोष जगू शकतो, या मताला ४१८ साली कार्थेजच्या सभेने पाखंड ठरवले. १८४१ साली बोस्टनकडच्या, व्यासपीठ सोडलेल्या एका धर्मोपदेशकाने स्वावलंबनावर निबंध लिहिला. आजच्या प्रेरणादायी भाषणांचा खापरपणजोबा तोच.

खानदेशात मात्र हा प्रश्न पुस्तकातून आला नाही, मोहाच्या दारूतून आला. लग्नासाठी मालकाकडून उचल घ्यायची, ती फेडायला सालदारकी करायची आणि अंगाचा शीण घालवायला पुन्हा प्यायची. यातून सुटायचे बळ आणायचे कुठून? विसाव्या शतकाच्या आरंभी इकडे आलेल्या स्कँडिनेव्हियन वळणाच्या अमेरिकी मिशनऱ्यांचे उत्तर होते, ख्रिस्ताकडून. नवापूरच्या बाजूला ते रुजले. १९३०च्या दशकात तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या महाराजांनी आरती, आंघोळ आणि दारूबंदी यांवर हजारो भिल्ल जमवले. भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणायची रीत तेव्हाची. ही चळवळ धर्मनिरपेक्ष नव्हती, पण ‘उद्धरेदात्मनात्मानम्’, म्हणजे आपला उद्धार आपणच करावा, हे गीतेतले सूत्र तिने कृतीत आणले. १९७२पासून शहाद्याच्या श्रमिक संघटनेने देव बाजूला ठेवला आणि मजुरी व जमीन हे विषय घेतले. तिथल्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. हे स्वबळच, पण जमावाचे. एकट्याच्या बळाची भाषा इकडे क्लासवाल्यांनी आणली, आणि ती परवडते ज्याच्या डोक्यावर उचल नाही त्यालाच.

कृपावाल्यांची खरी कसोटी प्रवचनात लागली नाही, पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, पगारात लागली. देव पुरवतो म्हणायचे आणि पाळकाचा पगार समुद्रापलीकडून घ्यायचा, ही विसंगती मिशनऱ्यांच्याही ध्यानात होती. १८५४-५५मध्ये त्याच बोस्टनहून एका मोठ्या मिशनचे चिटणीस मुंबई-अहमदनगरला आले. स्थानिक मंडळ्यांनी आपला खर्च आपण उचलावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, असा त्यांचा आग्रह. त्या भरात इंग्रजी शिक्षणावरचा पैसा आखडला गेला. नेटिव्ह ख्रिस्ती कुटुंबांना ते जिव्हारी लागले. नोकरीची वाट इंग्रजीतून जात होती. पाया पक्का झाला म्हणणारे आजही आहेत आणि दोन पिढ्या मागे पडल्या म्हणणारेही. मला दुसऱ्यांचे म्हणणे अधिक पटते. शिडी काढून घ्यायची आणि वर स्वावलंबनाचा उपदेश करायचा, हा प्रकार धर्माबाहेरही पुष्कळ चालतो.

आपला खर्च आपणच उचलायचा, हे तत्त्व पुढे बहुतेक मिशनांनी घेतले. स्वातंत्र्यानंतर परदेशी माणसे आणि पैसा आटत गेला, तसे खानदेशातल्या मंडळ्यांनाही ते निमूट गिळावे लागले. कापणीच्या सणाला भात, तूर, भोपळा, पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे येते. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. शंभराची कोंबडी तिघांच्या चढाओढीत पाचशेला जाते आणि घेणारा कधीकधी ती पुन्हा मंडळीलाच देऊन टाकतो. असा पैसा उभा राहतो. याला कृपा म्हणावे की स्वबळ, हे त्या अंगणात कोणी विचारत नाही.

स्वबळाची बाजूही असल्या विसंगतीतून सुटलेली नाही. अंमळनेरला १९१६मध्ये तत्त्वज्ञानाचे केंद्र निघाले. तिथे आत्म्याच्या स्वातंत्र्याचे चिंतन करणाऱ्या अभ्यासकांना विद्यावेतन मिळे, ते गिरणीमालकाच्या देणगीतून.

अलीकडचा वाद प्रार्थनेने आजार बरे करण्याचा. जुन्या मिशनपरंपरेने नवापूरकडच्या चिंचपाड्याला दवाखाना चालवला. देवावर भरवसा ठेवा आणि इंजेक्शनही घ्या, हे तिच्या लोकांना कधी जड गेले नाही. नंतर आलेल्या स्वतंत्र प्रार्थनासभांत मात्र औषध घेणे म्हणजे विश्वास कमी, असा सूर लागतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. विवेकवादी कार्यकर्ते या सभांकडे त्याच कायद्यावर बोट ठेवून पाहतात. पण त्यांच्या पत्रकांत चिंचपाड्याचा दवाखाना सहसा येत नाही आणि प्रार्थनासभांच्या साक्षींत शहाद्याच्या बायकांनी फोडलेली मडकी येत नाहीत.