जुन्या गाडीची अर्थ वायर: नवी बॅटरी घेण्याआधी हे वाचा

नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. "सेल्फ नीट फिरत नाही, आणि बॅटरी तर गेल्याच वर्षी टाकली." कोणी आणखी एक बॅटरी घेऊन पाहिलेली असते, कोणी सेल्फ उघडून कार्बन बदलून घेतलेले असतात, आणि दुखणं जिथल्या तिथे. भाट्ये, पावस, जयगड, गणपतीपुळे या रत्नागिरीच्या किनाऱ्याकडच्या जुन्या गाड्यांत दोष पुष्कळदा यातल्या कशातच नसतो. तो असतो बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या दोन-तीन वायरींत, म्हणजेच अर्थच्या वायरींत. त्या खाली, चिखलात, नजरेआड असतात, म्हणून सगळ्यात शेवटी आठवतात. आमचं म्हणणं एवढंच, की त्या सगळ्यात आधी तपासाव्यात.

घरात दिव्याला दोन वायरी लागतात. गाडीत प्लसची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत जाते, पण परतीचं काम बहुतेक सगळं पत्राच करतो. हेडलाइट, हॉर्न, वायपर यांतून निघालेला करंट बॉडीत उतरतो आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येतो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी किंवा जाड वायर दिलेली असते. सेल्फ मारला की छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर करंट याच अर्थच्या जोडांतून परततो. डिझेल गाडीला त्याहून जास्त लागतो.

आता हिशोब बघा. जोडावर गंज चढून तिथला रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग झाला, तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फ फिरताना चांगली बॅटरीसुद्धा साडेदहा-अकरा व्होल्टवर उतरते. त्यातले दीड गेले, तर सेल्फला उरलं काय? तो "खट" म्हणतो आणि थांबतो.

आपल्याकडे हे लवकर होतं, कारण हवेत मीठ आहे. खारा वारा जोडावर मिठाचा पातळ थर बसवतो, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि तांबं, शिसं, लोखंड असे वेगवेगळे धातू त्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की त्यातला एक झिजू लागतो. तांब्यावर हिरवं कीट, टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड, लगखालच्या (लग म्हणजे वायरीच्या टोकाचं, बोल्टमध्ये अडकवायचं कडं) पत्र्याला तांबेरा. वायर बाहेरून ठणठणीत दिसते, पण ओल वेष्टनाखालून आत शिरलेली असते. सोलून पाहिलं तर तारा विझलेल्या वातीसारख्या काळ्या. सहा महिने वाडीतल्या मांगरात उभी राहून थेट गणपतीला बाहेर निघणारी चाकरमान्यांची गाडी तर यात हमखास सापडते.

मिरकरवाड्यावरून मासळी नेणारे एक दादा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांची तक्रार सेल्फची नव्हतीच. क्लचची केबल वर्षात तिसऱ्यांदा जड झाली होती. केबल काढली तर आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलेलं. आम्ही गाडीखाली गेलो. बर्फाचं खारं पाणी मागून झिरपत पुढपर्यंत आलेलं, आणि इंजिनाची अर्थपट्टी बोटांनी चिमटीत धरली तर पापडासारखी मोडली. परतीची वाट तुटल्यावर सेल्फचा करंट क्लच केबलच्या पोलादी तारेतून बॉडीकडे जात होता, आणि दरवेळी ती तार तापत होती. इंजिन आणि बॅटरीची मायनस यांच्यामध्ये सेल्फ मारताना २.१ व्होल्ट दिसले. नवी वायर टाकल्यावर ०.१. त्यानंतर केबलची तक्रार आली नाही. क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर कृपा करून गाडी तशीच चालवू नका.

बाकीच्या खुणा तुम्हीही ओळखाल. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा हलतो. इंडिकेटर दिला की मागचा दुसराच दिवा मंद लुकलुकतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरही पेटल्यासारखा वाटतो. हॉर्न घोगरा होतो. शेवटच्या तिन्हींत दोष बहुधा त्या त्या जागेच्या छोट्या अर्थचा असतो, मुख्य वायरीचा नव्हे. तो जोड साफ करून घट्ट केला की पुरतं.

मोजून बघा

नुसत्या ओहमवर लावलेला मल्टिमीटर इथे फसवतो. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो "जोड आहे" म्हणतो. करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, कारण क्लॅम्पमध्येच दोष असू शकतो), दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, वायरी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर तुमची अर्थ चांगली आहे आणि पैसे घालवायची गरज नाही. मग इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून हेच बॉडीवर करा. तिथे ०.१ च्या आसपास किंवा कमी हवं. गॅरेजमध्ये आम्ही हे तुमच्यासमोर मोजतो, आधी आणि नंतर. दोन्ही आकडे बिलावर लिहून देतो.

आम्ही काय टाकतो

छोट्या गाडीला २५ स्क्वेअर एमएमची, मोठ्या डिझेलला ३५ ची, बारीक तारांची मऊ वायर. घराच्या फिटिंगची ताठ वायर इथे चालत नाही, कारण इंजिन हलत राहतं आणि ती लगजवळ तुटते. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असते, होडीवर वापरतात तशी. बाजारात वरून लाल आणि खरवडली की आतून पांढरी निघणारी वायरही मिळते. ती तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत ती टिकत नाही. आमच्या वायरीचं उलट आहे: वरून पांढरी, खरवडली की आतून लाल. तुकडा मागा, आम्ही देतो, स्वतः खरवडून बघा.

लग आम्ही डाय लावून दाबून बसवतो, नुसत्या डागाच्या (सोल्डरिंगच्या) भरवशावर सोडत नाही. डाग दिला की शिसं-कथील तारांमध्ये वर चढतं, तिथली वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच मोडते. लगवर आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळतो, म्हणजे ओल आत जात नाही. बॉडीवरची जागा रंग निघून धातू चमकेपर्यंत घासायची, स्टार वॉशर घालून बोल्ट आवळायचा, आणि नंतरच वरून ग्रीस किंवा रंग. हा क्रम चुकला तर सगळं वाया जातं. शक्य असेल तिथे शाबूत जुनी वायर तशीच ठेवून नवी जोडीला देतो.

स्वतः करणार असाल तर मायनस आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा. मायनस जोडलेली असताना प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला, तर लखकन ठिणगी उडते. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून विडी-सिगारेट लांब. ज्या गाडीत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर आहे, तिथे जादा वायर कधीही खुंटीवर घेऊ नका. ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूलाच द्यायची, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

रंगीत वायरींचे संच "मायलेज वाढवतात, पॉवर वाढवतात" म्हणून विकले जातात. आम्ही ते सांगणार नाही. चांगली अर्थ गाडीला तिची कंपनीतून निघतानाची ताकद परत देते, जास्तीची देत नाही. बॅटरी खरंच संपली असेल, तर कोणतीही वायर तिला जिवंत करणार नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ दिसतात का, हे आम्ही त्याच वेळी बघतो.

कामाला दोन-तीन तास लागतात. गाडी पार बंद असेल तर आम्ही मीटर घेऊन वाडीत येतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. मुंबईहून कोणी आपली गाडी काढणार असेल, तर गावातल्या माणसाला आषाढातच चावी देऊन ठेवायला सांगा.