साचा इंचीच्या तेलातले तीन वाकडे सांधे

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. ‘इंका शेंगदाणा’ नावाचं बी आहे, रोज चार दाणे चावून खा, साखर उतरते, गुडघे मोकळे होतात, हृदयाच्या नळ्या साफ होतात. खाली तेलाच्या बाटलीचा फोटो आणि किंमत. मावशीने लगेच फोन केला, “मागवू का रे?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. त्या निरोपातलं झाड खरं आहे, त्याचं तेलही खरोखर वेगळं आहे. पण वेगळं कशामुळे, ते मात्र त्यात कुठेच नव्हतं.

झाडाचं नाव साचा इंची. मूळचं पेरू आणि आसपासच्या देशांतलं, ॲमेझॉनच्या जंगलातलं. पेरूत सान मार्तीन प्रांतात, तारापोतोच्या परिसरात त्याची लागवड होते. केचुआ भाषेत ‘साचा’ म्हणजे रानातला आणि ‘इंची’ म्हणजे भुईमूग. तिकडे भुईमूग वाटून कोंबडीचा दाट रस्सा करतात, त्याला ‘इंचिकापी’ म्हणतात. त्यातला इंची तो हाच. प्रत्यक्षात साचा इंचीचं भुईमुगाशी काही नातं नाही. हा वेल एरंडाच्या कुळातला आहे. एरंडाचं बोंड तीन कप्प्यांचं असतं, याचं बहुधा चार किंवा पाच कप्प्यांचं, म्हणून फळ चांदणीसारखं दिसतं.

लिमाहून आलेल्या एका मित्राने अशी दोन-तीन वाळलेली फळं आणली होती. प्रत्येक कप्प्यात एक गडद तपकिरी, चपटं गोल बी. टरफल नखाने निघेना, अडकित्ता लावावा लागला. आतला पांढरा गर कागदावर चिरडला तर कागद लगेच पारदर्शक झाला. कच्चा गर जिभेवर तुरट-कडू लागतो. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यंही असतात, म्हणून तिकडचे लोक बी भाजूनच खातात. गरात निम्म्याच्या आसपास तेल आणि पाव हिस्सा किंवा थोडं जास्त प्रथिन. तेलात ४५ ते ५० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, आणि ३५ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. आपल्या सूर्यफूल किंवा करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असतं, ओमेगा-३ जवळजवळ नसतंच.

आता या ‘तीन’चा अर्थ. मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हाच भाग.

१८ कार्बनची एक माळ डोळ्यांसमोर आणा. सगळे बंध एकेरी असतील तर माळ सरळ राहते. अशा माळा एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात. हे स्टिअरिक आम्ल, ते ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. आता मध्ये एक दुहेरी बंध घाला. माळ तिथे कोपरासारखी वाकते, रचना विस्कटते आणि वितळणबिंदू थेट १३ अंशांच्या आसपास येतो. हे ओलेइक. दोन दुहेरी बंध असलेलं लिनोलेइक उणे ५ अंशांना वितळतं, तीन असलेलं लिनोलेनिक उणे ११ अंशांना. कार्बन तेवढेच, फक्त सांधे वाकडे. शेपटीकडून मोजत गेलं की पहिला वाकडा सांधा तिसऱ्या कार्बनवर लागतो, म्हणून ओमेगा-३. पेशींची आवरणं लवचीक राहायला असे वाकडे धागे लागतात.

पण दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. लिनोलेइकमध्ये अशी एक जागा असते, लिनोलेनिकमध्ये दोन. तिथला हायड्रोजन निघाला की माळेवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो आणि तयार झालेला पेरॉक्सी मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला हावरा रेणू, शेजारच्या माळेचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारीण तेच करते. अशी साखळी चालू राहते. लिनोलेइक हे ओलेइकच्या दहापटीहून जास्त वेगाने हवेशी जुळतं आणि लिनोलेनिक त्याच्याही साधारण दुप्पट वेगाने.

नव्या बॅटला जवसाचं तेल चोळलेल्या प्रत्येकाने ही क्रिया पाहिली आहे. ते तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ऑक्सिजन घेऊन त्याचं वजन उलट वाढतं, माळा एकमेकींत गुंततात आणि पातळ, कडक थर बसतो. जवसाच्या तेलातही निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिकच असतं. साचा इंचीच्या तेलात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या घराण्यातली द्रव्यं, बऱ्यापैकी असतात. ती ही साखळी मध्येच तोडतात, पण स्वतः खर्ची पडत. म्हणून पारदर्शक बाटलीत, उन्हात, दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने ठेवलेलं तेल घेऊ नये. तळणीला तर ते मुळीच वापरू नये. वास माशासारखा किंवा तेलरंगासारखा आला तर सरळ टाकून द्यावं.

शरीरात गेल्यावरही एक अडचण आहे. डोळ्याच्या पडद्याला आणि मेंदूला लागतं ते डीएचए, त्याची माळ २२ कार्बनची आणि सहा वाकड्या सांध्यांची. वनस्पतींतल्या ओमेगा-३पासून ते घडवायची पहिली पायरी ज्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, हाती आहे, तेच विकर ओमेगा-६वरही काम करतं. ताटात ओमेगा-६चा पूर असेल तर विकर तिकडेच गुंतून राहतं. एरवीही अल्फा-लिनोलेनिकमधला थोडाच भाग ईपीएपर्यंत, म्हणजे डीएचएच्या वाटेवरच्या मधल्या ओमेगा-३पर्यंत, पोचतो, डीएचएपर्यंत तर फारच कमी. मासेसुद्धा त्यांचं बहुतेक डीएचए शेवाळांपासूनच मिळवतात. त्यामुळे अशा तेलाबद्दल केला जाणारा ‘माशाला पर्याय’ हा दावा जसाच्या तसा मानू नये. आणि चार दाण्यांनी मधुमेह उतरतो असं सांगून कुणी गोळ्या बंद करायला लावत असेल, तर त्यात माणसाच्या जिवाला धोका आहे. हे मावशीला मी दोनदा बजावलं.

अल्फा-लिनोलेनिकची रोजची गरज एक ते दीड ग्रॅमच्या आसपास धरतात. साचा इंचीच्या चमचाभर तेलात ती भागते. पण आपल्याकडे विदर्भात जवस पिढ्यान् पिढ्या पिकतंय, आणि एक मोठा चमचा कुटलेल्या जवसात साधारण दीड ग्रॅम मिळतं. कुटणं मात्र हवंच, अख्खं बी न पचता तसंच बाहेर पडतं. बी अख्खं असेपर्यंत त्याचं टरफल हवा बाहेर ठेवतं. कुटलं की साखळी सुरू. मावशी जवसाची चटणी करते ती बरणीभर, महिनाभराची. तिला म्हटलं, आता आठवड्यापुरतीच कुट आणि बरणी फ्रिजमध्ये ठेव.