लग्न, मठ आणि तिसरी वाट : मराठवाड्यातल्या कॅथलिक घरांतल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात 'पाचारण' हा शब्द आला की ऐकणारा एकच अर्थ घेतो. पोरगा फादर व्हायला निघाला किंवा पोरगी सिस्टर व्हायला निघाली. लग्नाला आपल्याकडे कुणी पाचारण म्हणत नाही. लग्न 'जमतं', 'ठरतं', 'उरकतं'. आणि जो लग्नही करत नाही, मठातही जात नाही, त्याच्यासाठी तर शब्दच नाही. 'राहिली बिचारी', 'तसाच राहिला', एवढ्यावर विषय संपतो. चर्चची आजची शिकवण मात्र सांगते की देव प्रत्येकाला बोलावतो आणि आपल्याला कुठं बोलावलंय हे ज्याचं त्यानं प्रार्थनेतून पारखायचं असतं. शिकवण आणि बोलणं यांत एवढं अंतर का पडलं, हे समजायचं तर बरंच मागं जावं लागतं.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल हा विषय हाती घेतो. तो स्वतः एकटा राहणारा. इतरांनीही तसंच राहावं असं त्याला वाटतं, पण ती आज्ञा नव्हे, असं तो लगेच स्पष्ट करतो. प्रत्येकाचं कृपादान वेगळं, हे त्याचं म्हणणं. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांत अविवाहित कुमारिका आणि विधवा आपापल्या घरी राहूनच व्रतस्थ जीवन जगत. मठ नंतर आले. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमध्ये संत अंतोनी वाळवंटात गेला, पाठोपाठ पाखोमियसनं एकत्र राहणाऱ्या तपस्व्यांची वसाहत उभारली. म्हणजे ज्याला आज आपण 'तिसरी वाट' म्हणतो, ती खरं तर मठापेक्षा जुनी आहे. याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढं हळूहळू उतरंड तयार झाली. ११३९ मध्ये रोमला भरलेल्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेनं, धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरवले. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं, लग्नाची अवस्था ब्रह्मचर्यापेक्षा श्रेष्ठ आहे असं म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं. मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांना दिलेलं ते उत्तर होतं. पण त्याच परिषदेच्या त्याच शेवटच्या काही आठवड्यांतल्या आणखी दोन गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात. आपल्या हाताखालच्या लोकांना जबरदस्तीनं लग्न करायला लावणाऱ्या जमीनदारांना परिषदेनं दोषी ठरवलं, आणि मुलीला बळजबरीनं मठात घालणाऱ्यांनाही. युरोपातली बडी घराणी हुंडा वाचवायला धाकट्या मुलींना मठात पाठवत, त्या काळातला हा निर्णय आहे. कुठली अवस्था वरची यावर चर्च तेव्हा ठाम होतं, आणि ती निवडणारं मन मोकळं हवं यावरही तितकंच ठाम होतं.

मोकळ्या मनानं निवडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगितलं इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदारानं, ज्यानं पुढं येशूसंघ काढला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय फुटला. बिछान्यावर पडल्या पडल्या त्याला वाचायला हव्या होत्या शूर सरदारांच्या गोष्टी, हाती आली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग त्याची दोन प्रकारची दिवास्वप्नं सुरू झाली. एका स्वप्नात तो एका थोर बाईची मर्जी मिळवायला पराक्रम करी, दुसऱ्यात संत फ्रान्सिससारखा अनवाणी निघे. रमायला दोन्ही गोड. पण पहिलं ओसरलं की मन कोरडं पडे आणि दुसरं ओसरल्यावरही समाधान मागं उरे. या एवढ्याशा निरीक्षणातून पुढं त्याची 'आध्यात्मिक साधना' घडली आणि १५४८ मध्ये छापली गेली. तिच्यातली एक सूचना मला प्रत्येक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) दारावर लावावीशी वाटते. साधना देणाऱ्यानं समोरच्याला मठाकडेही ढकलू नये, संसाराकडेही नाही. त्यानं तराजूच्या काट्यासारखं मधे उभं राहावं आणि देवाला त्या जिवाशी थेट बोलू द्यावं. निर्णय अडला तर इग्नेशियस आणखी एक युक्ती सांगतो : कधीही न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला तर त्याला काय सांगू, ते ठरवावं आणि स्वतः तेच करावं.

मराठवाड्यापर्यंत ही परंपरा पोचली ती मात्र दुसऱ्या एका संताचं नाव घेऊन. फ्रान्सिस डी सेल्स हा जिनिव्हाचा बिशप, पण मुक्काम आजच्या फ्रान्समधल्या आन्सीला. १६०९ मध्ये त्यानं भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिलं, तेही मठवासीयांसाठी नव्हे. शिपाई, कारागीर, दरबारी माणूस, घरसंसारातली बाई अशा साऱ्यांना आपापल्या जागी राहून भक्ती साधते, ज्याची त्याची रीत तेवढी वेगळी, असं त्याचं सांगणं. पुढच्याच वर्षी त्यानं जेन द शांताल या चार मुलांच्या विधवा आईबरोबर बायकांचा नवा संघ काढला. त्याच्या नावानं १८३८ मध्ये आन्सीत मिशनऱ्यांचा संघ निघाला. १८४६ मध्ये ते विशाखापट्टणमला उतरले, तिथून नागपूरला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलखात, वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावला पोचले. त्यांच्यातल्या फादर गुरियन जाकिये यांचं नाव त्या भागातल्या जुन्या घरांत आजही आदरानं घेतलं जातं.

ही माणसं आली ती जमीन या प्रश्नाला अनोळखी नव्हती. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा घरोघरी सांगतात. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत, म्हणजे ज्ञानेश्वरांचे वडील, लग्न झालेलं लपवून काशीला संन्यासी झाले. गुरूला कळल्यावर त्यानं त्यांना परत बायकोकडे धाडलं, आणि पुढचा सारा छळ पोरांच्या वाट्याला आला. (चर्चचा आजचा कायदाही तेच सांगतो : विवाह टिकून असेपर्यंत नवराबायकोपैकी कुणालाही संन्यस्त संघात प्रवेश नाही.) पैठणचे एकनाथ संसारात राहून संत झाले. आणि गंगाखेडची जनाबाई? ना संसार, ना मठ. नामदेवांच्या घरी दळणकांडण करत तिनं देवाला आपल्या जात्याशी बसवलं. तिन्ही वाटा गोदाकाठाला ठाऊक होत्या.

मिशनच्या पहिल्या पिढ्यांना मात्र निवडीची चैन नव्हती. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग कुटुंबांतले, वेठबिगार आणि दुष्काळ यांत पिचलेले. माणसं एकेकटी नव्हे, घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. अशा वेळी फादरपुढचा प्रश्न मठाचा नव्हताच. लग्नाची नोंद, सलग तीन रविवारची घोषणा, वधूवरांची संमती, यावरच सारा भर. फादर-सिस्टर म्हणजे परदेशातून किंवा दूरच्या किनाऱ्यावरून आलेली माणसं. आपल्या वाड्यातलं लेकरू तसं होऊ शकेल, ही कल्पना रुजायला काही पिढ्या गेल्या, आणि ती रुजली बोर्डिंगांमधून. बोर्डिंगात राहून दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाला पहिल्यांदा काही वर्षं मोकळी मिळाली. त्या वर्षांत 'मी काय होऊ' हा प्रश्न पडू शकला.

दरम्यान रोममध्ये उतरंडीचा सूर बदलला. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं की पवित्रतेचं बोलावणं प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्याला आहे. त्याच वर्षापासून दरवर्षी एका ठरावीक रविवारी, आता पुनरुत्थान काळातल्या चौथ्या, पाचारणासाठी जगभर प्रार्थना होऊ लागली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. आता मे महिन्याच्या सुट्टीत पाचारण शिबिरं भरतात. पण शिबिर म्हटलं की ते फादर-सिस्टर होण्याचं, हे अजून तसंच आहे. लग्नाची तयारी साखरपुड्यानंतर, निर्णय होऊन गेल्यावर. एकटं राहण्याबद्दल तर कुठंच काही नाही.

खरी अडचण वेळेची आहे. पारखायला वेळ लागतो, आणि मराठवाड्यातल्या गरीब घरातल्या मुलीला तोच मिळत नाही. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाआधी लग्नं उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. परभणी आणि बीड जिल्ह्यांत ते ४० च्या वर गेलं. ख्रिस्ती घरं या गावांपेक्षा निराळी नाहीत. आपला देवाचा शोध कोयत्याच्या हिशेबात संपणाऱ्या मुलीला 'तुझं पाचारण ओळख' असं वेदीवरून सांगणं मला फार जड जातं. १९८३ च्या धर्मविधी संहितेतलं २१९ वं कलम साऱ्या श्रद्धावंतांना जीवनावस्था निवडताना कुठल्याही जबरदस्तीपासून मुक्त राहण्याचा हक्क देतं. हे कलम आईबापांना मराठीत वाचून दाखवायला हवं, त्यांच्या घरी बसून.

तीच संहिता मठात जाणाऱ्यांना भरपूर वेळ देते. सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नवदीक्षा (मठातला पहिला पारखण्याचा काळ) नाही, नवदीक्षेचे किमान बारा महिने, मग तीन ते सहा वर्षांसाठी तात्पुरती व्रतं, आणि एकविसाच्या आत कायमची नाहीत. हा सारा काळ थांबायला तसा निघून यायलाही ठेवलेला आहे. गावात मात्र 'सेमिनरी (फादर होण्याचं शिक्षण देणारी शाळा) सोडून आला' हे वाक्य अजून हळू आवाजात उच्चारलं जातं, जणू घरावर काही डाग लागला. त्या मुलानं नेमकं तेच केलं असतं ज्यासाठी त्याला तिथं पाठवलं : पारखलं, आणि आपली जागा दुसरीकडे आहे हे ओळखलं.

एकट्या राहणाऱ्यांबद्दल चर्च उशिरा बोलू लागलं. १९४७ मध्ये घरीदारी, नोकरीत राहून व्रतं पाळणाऱ्यांच्या संस्थांना मान्यता मिळाली. १९७० मध्ये कुमारिकांच्या समर्पणाचा प्राचीन विधी पुन्हा सुरू झाला. पण कुठलंच व्रत न घेता एकटं राहिलेल्यांचं काय? यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. न निवडलेलं एकटेपण पाचारण कसं म्हणायचं, असं काहीजण विचारतात. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ १६५८ व्या परिच्छेदात सांगतो की अशी माणसं, बहुतेकदा स्वतःच्या इच्छेशिवाय त्या परिस्थितीत असलेली, येशूच्या हृदयाला विशेष जवळची आहेत. २०१८ च्या तरुणांवरच्या सिनडनंतर, म्हणजे बिशपांच्या सभेनंतर, पोप फ्रान्सिस यांनी आठवण करून दिली की पहिलं पाचारण बाप्तिस्म्याचंच.

माझी आत्या अशीच राहिली. शिवणकाम करून तिनं आजीला शेवटपर्यंत सांभाळलं आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गावातल्या दोन पिढ्यांना प्रभूची प्रार्थना शिकवली. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची जी नोंदवही असते तिच्यात नावापुढं पुढच्या गोष्टी लिहायच्या असतात : दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, कायमची व्रतं. एकदा कुठल्याशा दाखल्यासाठी ती वही उघडली तेव्हा मी तिचं पान शोधलं. दृढीकरणाची तारीख आहे. त्यापुढं कोरं.