टेक्सासमध्ये स्कूल बोर्डाला उभं राहायचंय? अर्ज, कागदपत्रं आणि निवडून आल्यावरचं ट्रेनिंग

प्लॅनो, फ्रिस्को, केटी या भागात आपली मंडळी भरपूर, आणि मुलांच्या शाळेची हद्द बदलली की सगळे तावातावाने बोलतात, पण स्कूल बोर्डाला, म्हणजे शाळांची धोरणं ठरवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला, उभं राहा म्हटलं की "आपल्याला कुठे जमतंय". जमतं, म्हणून लिहितोय.

आधी पात्रता. अमेरिकन सिटिझन हवं, ग्रीन कार्डवर चालत नाही. वय १८ पूर्ण, अर्जाच्या शेवटच्या तारखेला टेक्सासमध्ये सलग १२ महिने आणि त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या बोर्डाखालच्या शाळांच्या भागाच्या) हद्दीत सलग ६ महिने राहणं झालेलं पाहिजे आणि मतदार यादीत नाव पाहिजे. इथेच गोची होते, कारण मतदार नोंदणीचा फॉर्म दिल्यावर ती लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर ते वर्ष गेलं.

कागदपत्रं म्हणाल तर आपल्याकडच्यासारखी झेरॉक्सची गड्डी लागत नाही. मुख्य म्हणजे बॅलटवर नाव येण्यासाठीचा अर्ज, तो नोटरीसमोर शपथ घेऊन सही करायचा. दुसरा फॉर्म कॅम्पेन ट्रेझरर, म्हणजे प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघणारा, नेमल्याचा, ट्रेझरर तुम्ही स्वतःच होऊ शकता, पण हा फॉर्म दिल्याशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही की खर्चायचा नाही. हे दोन्ही फॉर्म डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातच द्यायचे. मे महिन्यातल्या निवडणुकीसाठी खिडकी साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये. आणि हो, या पदाला पगार नाही.

निवडून आलात की खरा अभ्यास सुरू. शपथेनंतर ९० दिवसांत खुल्या सभांच्या कायद्याचा एक तासाचा कोर्स, तो अ‍ॅटर्नी जनरलच्या साइटवर फुकट आहे, सर्टिफिकेट डाउनलोड करून ठेवा. स्वतःच्या डिस्ट्रिक्टची ओळख ३ तास, राज्याच्या शिक्षण कायद्याची ओळख ३ तास, दोन्हीला मुदत १२० दिवस. मुलांच्या निकालांवर बोर्डाने लक्ष कसं ठेवायचं याचे ३ तास दर दोन वर्षांनी. वर पहिल्या वर्षी १० तास जादा शिक्षण, पुढे दरवर्षी ५.

मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते दरवर्षीचं ३ तासांचं टीम-बिल्डिंग. त्यात सात ट्रस्टी (बोर्डाचे सभासद) आणि सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा नेमलेला मुख्य अधिकारी) एकत्र बसतात, इथे त्याला 'टीम ऑफ एट' म्हणतात, आणि धोरण बोर्डाने ठरवायचं, रोजचा कारभार सुपरिंटेंडेंटने बघायचा ही रेघ तिथे नीट कळते. नवीन ट्रस्टी हमखास इथेच घसरतो, एखाद्या टीचरची बदली करा म्हणून थेट प्रिन्सिपलला फोन लावतो.

सुपरिंटेंडेंटचा रस्ता वेगळाच, तिथे मास्टर्स डिग्री, राज्याची परीक्षा आणि सर्टिफिकेट लागतं, पहिल्यांदाच नेमणूक असेल तर वर्षभर मेंटॉरसोबत किमान ३६ तासांचं प्रशिक्षण, आणि पुढे दर पाच वर्षांत २०० तास.

ट्रस्टीने ट्रेनिंगचे तास बुडवले तर पद लगेच जात नाही, पण बोर्डाच्या निवडणुकीआधीच्या शेवटच्या नियमित सभेत अध्यक्ष सगळ्यांसमोर वाचून दाखवतात कोणाचे तास झाले आणि कोणाचे राहिले, ते मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहिलं जातं, आणि कोणाचे राहिलेले निघाले तर ते मिनिट्स डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर चढतात, तास पूर्ण होईपर्यंत तिथेच.