गाव महापालिकेत, पाणी टँकरमधे: पुण्याच्या समाविष्ट गावांची पार्श्वभूमी

पुण्याच्या कडेला कुठेही नवीन टॉवरचं काम निघालं की दोन प्रकारची माणसं चिडतात आणि दोघांची चीड वेगळी असते. गाववाला म्हणतो हे आले आणि आमचा रस्ता गेला, बोअर आटले, वर महापालिकेचा टॅक्स पण आमच्याच बोकांडी. शेजारच्या पाच वर्षं जुन्या सोसायटीतला म्हणतो इथे आम्हालाच टँकर पुरत नाही, त्यात अजून चार टॉवर कशाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हे सगळं आयटीमुळे, हिंजवडी-खराडी झाली म्हणून झालं. आयटीचा हात आहेच, नाही कोण म्हणतंय, पण दुखणं त्याच्या आधीचं आहे आणि ते बिल्डिंगपेक्षा हद्दीचं जास्त आहे. म्हणजे जमीन कोणाच्या हद्दीत, परवानगी कोणी दिली, पैसे कोणी घेतले आणि पाणी कोणी द्यायचं, ह्याची उत्तरं इथे कधीच एका ऑफिसात मिळाली नाहीत.

सुरुवात १९९७ पासून धरू. त्या वर्षी युती सरकारनं एकदम ३८ गावं पुणे महापालिकेत घेतली. बाणेर, बालेवाडी, खराडी, धायरी अशी सगळी चहूबाजूची. गावांमधे विरोध झाला, आणि तो नुसता भावनेचा नव्हता. ग्रामपंचायतीची घरपट्टी म्हणजे किरकोळ रक्कम, महापालिकेचा टॅक्स त्याच्या कितीतरी पट, आणि शेतावर आरक्षण पडायची भीती ती वेगळीच. बागेचं, रस्त्याचं, शाळेचं आरक्षण एकदा नकाशावर पडलं की ती जमीन विकताही येत नाही आणि मोबदला कधी मिळेल ते देव जाणे. मग सरकार बदललं आणि २००१ मधे त्यातली १५ गावं पूर्ण आणि ५ गावं अर्धीमुर्धी बाहेर काढली. अर्धं गाव महापालिकेत आणि अर्धं ग्रामपंचायतीत, हे धायरी-लोहगावसारख्या ठिकाणी खरोखर झालेलं आहे. रस्त्याच्या अलीकडे महापालिकेचा दिवा आणि पलीकडे अंधार.

आत राहिली ती २३ गावं. त्यांचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, हे एक वेगळंच भिजत घोंगडं झालं. टेकड्यांवर बांधकाम करू द्यायचं की नाही ह्या एका मुद्द्यावर, ज्याला सगळे बीडीपी (बायोडायव्हर्सिटी पार्क) म्हणतात आणि जे साधारण ९७६ हेक्टरचं आरक्षण आहे, वर्षानुवर्षं वाद चालला आणि सरकारनं ते आरक्षण कायम केलं २०१५ ला. तोपर्यंत टेकडीच्या पायथ्याला, काही ठिकाणी टेकडीवरही, घरं उभी राहून लोक राहायला पण आलेले.

आणि बाहेर काढलेल्या गावांचं काय झालं, खरी गंमत तिथे आहे. महापालिका नाही म्हणजे डीपी नाही, टॅक्स नाही, कटकट नाही, आणि शहर तर दोन किलोमीटरवर. नऱ्हे, आंबेगाव, धायरीचा राहिलेला भाग, शिवणे, उत्तमनगर इथे गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकली गेली. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, शेतजमिनीचे असे तुकडे पाडून तेव्हा विकता येत नव्हते, पण सामाईक सातबारा, साठेखत, कुलमुखत्यारपत्र असल्या वाटांनी व्यवहार होत राहिले. एक-दोन गुंठ्यांवर पार्किंग धरून पाच मजले, दोन बिल्डिंगमधे हात घालता येईल एवढी जागा आणि परवानगी म्हणून ग्रामपंचायतीचा शिक्का. गावठाणाबाहेर नुसत्या त्या शिक्क्याला अर्थ नाही हे घेणाऱ्यालाही ऐकून माहीत असायचं, पण पंधरा-वीस हजार पगारात शहरात दुसरं काही मिळतच नव्हतं, तर माणूस करणार काय. २०१४ च्या ऑक्टोबरअखेरीस नऱ्ह्यात अशीच एक राहती बिल्डिंग कोसळली, तेव्हा चार दिवस सगळीकडे स्ट्रक्चरल ऑडिटची चर्चा झाली आणि मग थांबली.

त्याच २०१४ मधे ३४ गावं महापालिकेत घ्यायची अधिसूचना निघाली होती, हरकती-सूचना मागवल्या, आणि फाईल पडून राहिली. मधेच २०१५ ला पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आलं, म्हणजे परवानगी द्यायला अजून एक ऑफिस. शेवटी हवेली तालुक्यातली कृती समिती हायकोर्टात गेली (ह्यावेळी गावं घ्या म्हणून, हे लक्षात घ्या, १९९७ च्या बरोबर उलटं) आणि सरकारनं कोर्टाला सांगितलं की ११ गावं आत्ता घेतो, उरलेली टप्प्याटप्प्यानं. तशी २०१७ ला ११ आली आणि ३० जून २०२१ ला उरलेली २३. ही २३ वेगळी आणि १९९७ ची राहिलेली २३ वेगळी, ह्यात पत्रकारांचाही घोळ होतो. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला वगैरे ह्यात आली आणि पुणे क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. बॅनर लागले, पेढे वाटले गेले.

मत का फिरलं म्हणाल तर गावातली संख्या फिरली होती. वाघोली किंवा मांजरीत आता मूळ गावकऱ्यांपेक्षा फ्लॅटवाले जास्त होते आणि त्यांना महापालिका हवी होती, कारण त्यांच्या दृष्टीनं महापालिका म्हणजे नळाचं पाणी. ते का हवं होतं हे कळायला त्यांचं अ‍ॅग्रीमेंट वाचावं लागतं. ह्या पट्ट्यात परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की सरकारी पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. त्यावर प्लॅन पास होतो. मग फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमधे पन्नासाव्या-साठाव्या पानावर एखादं कलम असतं की पाणीपुरवठा ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि तोपर्यंतचा टँकरचा खर्च घेणाऱ्यांनी सोसायचा. ताबा मिळतो, सोसायटी रजिस्टर होते, बिल्डर हात झटकतो, आणि मेंटेनन्सचा मोठा हिस्सा टँकरमधे जातो. उन्हाळ्यात तर विचारू नका. एका बाजूला हमीपत्र सरकारी फाईलमधे आहे आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीची कमिटी सकाळी सहाला गेटवर टँकर मोजतेय. बाणेर-बालेवाडी तर महापालिकेत आधीपासून, तरी तिथलं पाण्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१७ मधे कोर्टानं तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ ब्रेक लावला होता.

गाव महापालिकेत आलं की हे संपेल असं वाटलेलं. झालं असं की २०२१ ला त्या २३ गावांसाठी सरकारनं नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडेच ठेवले. म्हणजे प्लॅन पास करणार आणि त्याचे चार्जेस घेणार पीएमआरडीए, आणि रस्ता, पाणी, ड्रेनेज, कचरा बघणार महापालिका. त्यामुळे तक्रार घेऊन जा, इकडचे तिकडे बोट दाखवणार आणि तिकडचे इकडे. त्यात ग्रामपंचायत बरखास्त म्हणजे सरपंच गेला, आणि महापालिकेची मुदत मार्च २०२२ मधे संपून प्रशासक आला, निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. चार-साडेचार वर्षं ह्या गावांना सरपंचही नाही आणि नगरसेवकही नाही. नवीन टॉवरवर एवढा राग का निघतो ह्याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं, दुसरं कोणी समोर नव्हतंच ना ज्याच्या दारात जाऊन भांडावं, मग शेजारच्या साईटवरचे डंपर अडवा.

जानेवारी २०२५ मधे ह्याचं सगळ्यात वाईट रूप दिसलं. सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी भागात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम) पेशंट सापडायला लागले. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, असला आजार. आकडा पुढे पुणे परिसर मिळून दोनशेवर गेला. तेव्हा बऱ्याच पुणेकरांना पहिल्यांदा कळलं की ह्या गावांना जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी नाहीये, धरणातलं पाणी नांदेड गावच्या विहिरीत घेऊन त्यात क्लोरीन टाकून पुढे सोडतात. आणि ही गावं कुठे आहेत तर खडकवासला धरणाच्या पायथ्याशी. धरणाचं पाणी बंद पाईपनं ह्यांच्या शेजारून पर्वतीला जातं, तिथे शुद्ध होऊन शहराला मिळतं. ज्यांच्या अंगणात धरण ते विहिरीचं पाणी पितात.

ह्याच्या उलट टोकाला फुरसुंगी आणि उरुळी देवाची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ह्यांच्या डेपोत, वास आणि काळं पाणी ह्यांच्या विहिरीत, आंदोलनं किती झाली त्याला मोजमाप नाही. २०१७ ला ही गावं महापालिकेत आली, नंतर टॅक्सची बिलं आली, गोडाऊन आणि दुकानवाले हादरले, आणि परत बाहेर काढा म्हणून मागणी सुरू. सप्टेंबर २०२४ मधे ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. राहिलेल्या गावांतही टॅक्सच्या वसुलीला २०२४ ला सरकारनं स्थगिती दिली, कारण जुन्या घरपट्टीच्या मानानं बिलं फारच फुगलेली. आता महापालिका म्हणते टॅक्स नाही तर पाईपलाईन कशातून टाकू, आणि गाववाले म्हणतात आधी पाईपलाईन दाखवा मग टॅक्स मागा.

फुरसुंगीच्या नव्या सोसायट्यांमधल्या लोकांनी फ्लॅट घेताना ब्रोशरवर पुणे महापालिका हद्द असं वाचलं होतं. त्यांना ह्या सगळ्यात कोणी विचारलं नाही. हरकती-सूचना मागवल्या होत्या हे खरं, पण त्या नोटिसा पेपरात कुठल्या पानावर येतात हे आपल्याला माहीतच आहे.